बजाक्काचा नवस

सोलापूर, माघ महिना, सन १९३६

प्रिय बजाक्का,

पत्र हातात पडलं की तू ते उलटसुलट करून बघशील आणि कुणी गेलंबिलं की काय म्हणून छातीवर हात ठेवशील. कुणी गेलेलं नाही, सगळे खुशाल आहेत. धोंडीरामला समोर बसव आणि सावकाश वाचायला सांग. अक्षर माझंच आहे. चंद्रा शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर मीही गिरवत बसायची, त्यातून एवढं जमलं. ओळी वर चढतात, तेवढं चालवून घे. तू करकंबला गेलीस तेव्हापासून पत्र लिहीन लिहीन म्हणत होते, ते आज मुहूर्त लागला.

बातमी अशी की आपल्या चंद्रव्वाचं लग्न ठरलं. अक्कलकोटचं घर आहे, धान्याचं दुकान आहे. मुलाचं नाव शिवयोगी. पाहायला आला तेव्हा सुपारीसुद्धा जपून चावत होता, इतका गरीब. आपली पोरगी कशी बडबडी आहे ते तुला माहीत आहे, दोघांचं बरं जमेल. पण घरात एका गोष्टीवरून पंधरा दिवस कुरबुर चालली होती, आणि ती गोष्ट म्हणजे तू. आमच्या ह्यांचं आणि नणंदेचं म्हणणं असं, की बजाबाईला लग्नाला जरूर बोलवा, पोटभर जेवू घाला, पण चंद्रा तिच्या अंगावर प्यायलीय हे अक्कलकोटकरांच्या कानावर जाऊ देऊ नका. आमच्यातलंच, पण कडक लिंगायत घर. मटण शिजणाऱ्या घरातल्या बाईचं दूध प्यायलेली मुलगी म्हटल्यावर सोयरीक मोडून टाकतील. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाकरी थापत राहिले, आणि मनात सारखं गिरणीतलं ते वर्ष येत राहिलं.

धोंडीराम, बाळा, इथून पुढचं वाचताना लाजू नकोस. तुझ्या आईनं काय केलं ते तुला कळायलाच हवं.

चंद्रा तीन महिन्यांची असताना मी तापानं पडले आणि उठून पुन्हा रिळाच्या खात्यात कामाला आले, तर माझं दूध आटलेलं. गिरणीनं तेव्हा नुकतीच पाळण्यांची खोली काढली होती. त्याआधी आपल्यातल्या कितीतरी बायका पोरांना अफूची गोळी चाटवून घरी झोपवून यायच्या, आठवतं ना? खोलीत पाळणे होते, दाई होती, सगळं होतं, पण चंद्राला वरचं दूध पचेना. प्यायली की ओकायची. मांड्या काटकीसारख्या झाल्या. शेवटी ती दाईच म्हणाली, गोळी द्या, निदान रडायची तरी नाही. त्या दिवशी मी रिळापाशी उभी राहून रडत होते, सूत तुटत होतं आणि मला गाठ दिसत नव्हती. तू शेजारच्या रिळावर होतीस. धोंडीरामला पाजायला निघालीस आणि जाता जाता म्हणालीस, हिलाबी घेते. मी म्हटलं, अक्का, आमच्यात चालणार नाही, पोर बाटली म्हणतील. तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस.

"बाटंल तर बाटू दे की. आदी जगाया नको का ती?"

एवढं बोलून गेलीस. परत आलीस तेव्हा चंद्रा झोपली होती, आणि तुझ्या चोळीवर ओले डाग होते. त्या दिवसापासून तू दोघांना पाजायला जायचीस आणि मी दोन्ही रिळं सांभाळायची. जेवणाच्या सुट्टीत जायला कुणाची ना नव्हती, पण तेवढ्यानं दोन पोरांचं कुठं भागतंय? मधेही जावं लागायचं. आपल्या खात्यावरची नायकीण फुलाबाई किती खाष्ट, तिच्यापुढे खात्यातल्या बायका चळाचळा कापायच्या. पण तू उठायची वेळ झाली की ती बरोबर दुसऱ्या टोकाला जाऊन तिथल्या बायकांवर ओरडत सुटायची. त्या बिचाऱ्या कशापायी शिव्या खातात ते त्यांना कधी कळलं नसेल. साहेबानं एकदा तुझ्या रिळाकडे बोट करून विचारलं, तर म्हणाली, पाणी प्यायला गेलीय. पुढेही तेच सांगायची. एवढं पाणी पिणारी बाई त्या साहेबानं जन्मात पाहिली नसेल. तिलाही मी अजून मनातल्या मनात हात जोडते.

चंद्रानं बाळसं धरलं. गालांना खळ्या पडायला लागल्या. आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर एके दिवशी भोंगा झाला, मी बाहेर पडते तर फाटकात तुझी सासू, रंभाबाई. तू पुढे निघून गेली होतीस. त्यांनी मला बाजूला घेतलं. डोळ्यांत राग होता. सुनेनं मटण सोडलं, सुकट सोडली, अंड्याला हात लावत नाही, सिद्धेश्वराचा नवस आहे म्हणते. अंगावर पोर आहे, पायाचा रस्सा करून दिला तर तोही जावेच्या ताटात ओतला. जत्रेत पाहुणे जेवले, ही भाकरी आणि ठेचा घेऊन कोपऱ्यात बसली. तुम्हीच तिला ह्या नादी लावलंत म्हणाल्या.

"तुमच्या द्येवाला सांगा, माज्या सुनंला आता मोकळी कर म्हनावं."

बजाक्का, तुझा कुठला नवस नव्हता हे मला त्याच घटकेला कळलं. मटण सोड असं मी कधी तुला म्हटलं नव्हतं. माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. लेक जगतेय एवढ्यावरच मी खूश होते. रंभाबाईंना म्हटलं, पोरं अंगावरून सुटली की नवसही सुटेल, तोवर देवाचं मन मोडू नका. दुसऱ्या दिवशी तुला विचारलं तर तू माझ्यावरच चिडलीस.

"मग काय, तुज्या लेकराच्या पोटात मटण घालू व्हय मी?"

आणि पुन्हा सूत जोडायला लागलीस, जणू हळद की कुंकू एवढंच विचारलं होतं. मीही माझ्या रिळाकडे वळले, बोलायचं राहूनच गेलं. आज लिहिते. तुझे उपकार मोठे आहेत, अक्का. माझ्या लेकीला तू दूध दिलंस, आणि आमचं सोवळंही तूच पाळलंस, आम्हाला न विचारता, न सांगता.

म्हणून गेल्या सोमवारी मी ह्यांना घेऊन अक्कलकोटला गेले. चंद्राला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, अव्वा, हे लपवून झालेलं लग्न मला नको. मुलाच्या आईसमोर, शरणम्मांसमोर बसले आणि कानडीत पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. हे मान खाली घालून सतरंजीचे धागे उपटत होते. सोयरीक गेली असंच मीही धरून चालले होते. शरणम्मांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी पाच लेकरं पाजली, त्यांची पोटं दुखायची तरी माझ्यानं तिखट सुटलं नाही. त्या बाईला मला बघायचंय.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. आमच्यात मांडवात मुलाकडचे मुलीच्या आईला साडी नेसवतात. लेक वाढवली त्याचा तो मान असतो. ती साडी तू घ्यायचीस. पाटावर तू बसायचंस, मी तुझ्या मागे उभी राहीन. शरणम्मांना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. नणंद फुगून बसलीय, तिला फुगू दे. लग्न चैत्रात आहे, चार दिवस आधी ये, धोंडीरामला आणि भावजींना घेऊन ये. नाही म्हणू नकोस, कारण मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, बजाक्का आली नाही तर ती साडी मीही अंगाला लावणार नाही.

तुझीच,
ईरम्मा