कासियातुनबाईंच्या फळीची जाडी

प्रिय तार्मीमावशी,

आपल्या जावातल्या ब्लितारहून तुझ्या तेगारचा तुझा हात कपाळाला लावून सलाम (हात तैवानात असल्यामुळे मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? तू ज्या म्हाताऱ्या बाईंची सेवा करतेस त्या अजून औषध उशीखाली लपवतात का? आई रोज विचारते. इकडे बाबांचा खोकला गेला, आईचा माझ्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही, तेव्हा घर तू सोडून गेलीस तसंच आहे म्हणायला हरकत नाही. मी उत्तम आहे. झोप लागत नाही, भात घशाखाली उतरत नाही आणि काल शेजाऱ्यांच्या कोंबड्याशी कडाक्याचं भांडण झालं, एवढं सोडलं तर उत्तम.

कॉलेज मी अर्ध्यात सोडलं हे तुला कळलंच असेल (सोडलं की सोडायला लावलं यावर आईचं नि माझं एकमत नाही, माझ्या ड्रॉइंगला सरांनी भर वर्गात हसायला नको होतं, एवढंच मी म्हणेन). आता ओसरीत एक छोटा लेझर कटर मांडलाय. लाकडावर नाव कोरतो, पातळ प्लायवूड कापतो, आणि उरलेल्या वेळात आईचे वाळत घातलेले कपडे धुराने वासट करतो. लहानपणी भिंगाने आपण वाळकं पान जाळायचो, आठवतं? भिंग बरोबर उंचीवर धरलं की टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, जरा वरखाली झालं की नुसता फिकट डाग. यंत्राचंही अगदी तसंच. एक छोटा ठोकळा असतो, तो लाकडावर ठेवायचा, यंत्राचं मुंडकं त्याला टेकेपर्यंत खाली आणायचं, स्क्रू आवळायचा, ठोकळा काढून घ्यायचा. झाली उंची. पोर सुद्धा करील. मी केलं आणि त्यावर पुन्हा कॉम्प्युटरने विचारलं म्हणून लाकडाची जाडीही भरली. मग मुंडकं आपणहून तेवढंच आणखी वर गेलं. मशिदीमागच्या घरातल्या सुंतेच्या जेवणात पाहुण्यांना वाटायला लाकडी कीचेन करत होतो. सगळ्यांवर पोराचं नाव उमटलं ते ओल्या पायाची मुंगी चालत गेल्यासारखं. ठोकळा तरी लावायचा किंवा जाडी तरी भरायची, दोन्ही नाही, हे तेव्हा शिकलो. एकच चूक पुन्हा करणाऱ्यांतला मी नाही, मावशी. मी दर वेळी नवी शोधतो.

आता निंग्रुमचं सांगतो. पेचेलच्या टपरीवाल्या कासियातुनबाईंची मुलगी. बाई गेल्या वर्षी अचानक गेल्या, हे आईने तुला फोनवर सांगितलं होतं. निंग्रुमला तुझ्यासारखंच तैवानात काम मिळालंय, तीन वर्षांचा करार. निघायच्या आदल्या आठवड्यात ती आईची चिंचेच्या लाकडाची फळी घेऊन माझ्याकडे आली. आयुष्यभर बाईंनी त्याच फळीवर पेचेलच्या भाज्या चिरल्या, वरच्या चटणीचे दाणे-लसूण ठेचले, त्यामुळे मधोमध चांगला खळगा पडलाय, वाटीभर आमटी राहील असा. ती म्हणाली, यावर आईचं नाव घाल, मी बरोबर नेणार आहे. आणि मला "दादा" म्हणाली. (आपल्याकडे पोरी नवऱ्यालाही दादाच म्हणतात, त्यामुळे मी आशा सोडली नव्हती.) फळी हातात देताना मनातलं बोलून टाकायचं मी ठरवलं. वाक्यही तयार केलं. चांगलं होतं गं वाक्य.

तिच्याबरोबर तिचा भाऊ सिगित होता. त्याला गप्प बसवत नाही. म्हणाला, रंधा मारून सपाट कर, दोन मिनिटांचं काम. नाहीतर मागच्या बाजूला कोर, तिथे सपाटच आहे. माझं डोकं फिरलं. बाईंच्या सगळ्या आयुष्यावर रंधा मारू? आणि नाव काय मागे लावायचं, दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीसारखं? हा खळगा म्हणजेच तुझी आई, असं बरंच काही मी त्याला उभ्याउभ्या सुनावलं. त्यावर तो म्हणाला, "कॉलेज अर्धवट झालं, पण तापायचं शिक्षण पुरं केलंस."

तिथेच घात झाला. त्याच्या डोळ्यांदेखत करून दाखवायला म्हणून मी फळी लगेच यंत्राखाली सरकवली. ठोकळा खळग्यात ठेवला तर डुगडुगायला लागला, नीट बसेना. म्हणून तो काठावर ठेवला, तिथे छान बसला. मुंडकं टेकवलं, स्क्रू आवळला, जाडी भरली नाही (शिकलो होतो ना), आणि बटण दाबलं. ज्या खळग्यावरून मी एवढं भाषण ठोकलं, तो खळगा काठापेक्षा खाली असतो एवढं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिलं अक्षर सुरेख उमटलं. दुसरं जरा जाड. आणि मग, मावशी, धूर निघाला तो लाकडाचा नव्हता. लसूण, छोटे कांदे, भाजलेले शेंगदाणे, मिरची, लाकडात मुरलेलं सगळं जळून वर आलं. ओसरीभर बाईंची टपरी उभी राहिली. निंग्रुम पुढे येऊन यंत्राजवळ उभी राहिली, डोळे मिटून. तेव्हाच मला दिसलं की मधली अक्षरं पसरतायत, फिकट होतायत. यंत्र थांबवायला हात बटणावर गेला होता. पण थांबवलं असतं तर वासही थांबला असता. मी थांबवलं नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दोन्ही टोकांची अक्षरं टाकानं काढल्यासारखी, आणि मध्ये नुसता करपट डाग, कोणीतरी गरम कढई टेकवल्यासारखा. बाईंचं नाव बाईंच्याच जागेवर वाचता येईना. मी खरवडून पुन्हा करतो म्हणालो, मधली उंची वेगळी लावतो म्हणालो. निंग्रुमने खळग्यात बोट फिरवलं.

"इथं आईने काही शिल्लकच ठेवलं नाही, दादा. तू कशावर कोरणार होतास?"

ती रडली नाही. सिगित रडला, हमसून हमसून, माझ्या खांद्यावर, आणि मला त्याच्यावर रागावताही येईना, हे सगळ्यात वाईट. तयार केलेलं वाक्य आठवेना. मी म्हणालो, "आधी खळग्याची खोली मोजायला हवी होती." तिने मान हलवली, फळी आईच्या जुन्या बाटिकमध्ये गुंडाळली आणि गेली. तिच्या वागण्यात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं.

तेव्हापासून यंत्रावर चादर टाकून ठेवली आहे. निंग्रुमशी आता माझं काही देणंघेणं नाही, हे मी शांत डोक्याने लिहितोय. मुली, लाकूड आणि कॉलेज या तिन्ही गोष्टी मी सोडल्या आहेत. बाबा म्हणतात, काकांबरोबर कोई माशांच्या तळ्यांवर कामाला लाग, माशांवर काही कोरावं लागत नाही. बघू.

म्हाताऱ्या बाईंनाही माझा सलाम सांग, त्यांना कळला तर.

तुझाच,
तेगार

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. चटणीच्या पिशवीबरोबर ते तुझ्या हातात देणारी, समोर उभी असलेली मुलगी म्हणजेच निंग्रुम. पाकीट मी लाकूड चिकटवायच्या गोंदाने बंद केलंय, तेव्हा तिने वाचलेलं नसणार. म्हणून वाचताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस, हसू तर अजिबात नको. आधी तिला कुठेतरी बसव आणि भात खाऊ घाल. तिला तिथे तुझ्याशिवाय कोणी नाही, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पोटात खड्डा पडतो असं तूच म्हणाली होतीस.

ता. ता. क. देणंघेणं नाही असं वर लिहिलंय, ते खोडायला जागा उरली नाही. कधी तिच्या मालकांच्या स्वयंपाकघरात डोकावलीस, तर ती फळीची कुठली बाजू वर ठेवून भाजी चिरते तेवढं बघ. नावाची बाजू वर असेल तर मला कळव. खाली असेल, तर तिकडे पाऊसपाणी कसं आहे, एवढंच लिही.