दोन डाव्या बाह्यांचा कोट

मी, खाली सही करणारा, कोट शिवणारा शिंपी, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगत आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत. मला अल्झायमर आहे. आज माझं डोकं ताळ्यावर असल्याची खात्री डॉक्टरांनी केली आहे. त्यांनीच मला रोज संध्याकाळी गांजाच्या औषधी तेलाचे थेंब लिहून दिले आहेत. बापाने नशेत सही केली असं मुलगा म्हणेल, म्हणून हे काम सकाळीच, थेंबांच्या आधी.

१. शिलाई मशीन मुलाला. त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, पण मशीन पुसतो छान.

२. सुनेला काहीही नाही. तिने माझी मोठी कात्री लपवली. मागितली की म्हणते, "बाबा, नंतर देते हं." तिचं ते नंतर अजून उजाडलेलं नाही.

३. थेंबांनी आठवण परत येते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "मास्तर, तसं ठामपणे कोणालाच सांगता येत नाही. संध्याकाळची तगमग कमी होते का, एवढंच आपण बघतोय." होते, असं वाटतं. की ती त्या बाईमुळे होते? मला काही कळेनासं झालंय.

४. राहतं घर त्या बाईला, जी माझ्या जिभेखाली थेंब घालते. तिचं नाव मला सापडत नाही. खूण सांगतो. एका कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच कापल्या, तो कोट ती घालते. उजव्या खांद्यावर चुणी पडते, लोक हसतात, तरी उतरवत नाही. मी घाबरून दार बडवतो तेव्हा जवळ बसते आणि म्हणते, "घरीच आहात तुम्ही." माझा तिच्यावर फार जीव आहे. माझ्यामागे तिला कोणी बाहेर काढू नये.

इथे वकीलबाईंनी हात थांबवून मुलाला विचारलं, ही बाई कोण? त्याने मशीन पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाबा, ती माझी बायको. तुमची सून."

"मग कात्री कोणी लपवली?"

"तिनेच. तुम्ही अंगातला सदरा कापत होता."

मला त्या दोघी वेगळ्या वाटतात. अजूनही वाटतात. पण अशी कोणी बाईच नाही असं मुलगा म्हणाला असता, तर घर त्याचं झालं असतं. तो तसं म्हणाला नाही.

५. सबब कलम दोन रद्द, कलम चार कायम. उद्या मी चिडून पुन्हा कलम दोन सांगू लागलो, तर वकीलबाईंनी ते लिहून घेऊ नये. मला तो कोट दाखवावा.

साक्षीदार: डॉक्टर, समोरचे बटणवाले.
सही: माझीच आहे, मुलाने ओळखली.
स्थळ: घरातली शिवणखोली.
दिनांक: वकीलबाईंनी घातला. मी सांगितलेला चुकला होता.