आठ राजहंस आणि नियम चौदा (ख)

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार (सध्या ताठ उभं राहण्याचं बळच उरलेलं नाही, त्यामुळे वाकायला वेगळे कष्ट पडले नाहीत).

ताजी बातमी आधी सांगतो. काल सकाळी साडेदहापासून राष्ट्रीय उद्यानाच्या तलावातल्या माझ्या आठही पॅडल बोटी बंद झाल्या आहेत. या बातमीला आधी तिकीट खिडकीवरच्या बाईंनी दुजोरा दिला, मग वनरक्षकाने दिला, आणि त्याने बोटींच्या साखळीला सरकारी कुलूप लावल्यावर शंकेला जागाच उरली नाही. सोमवारी अकरा वाजता अधीक्षकांपुढे सुनावणी आहे. तिथे निकाल उलटा लागला तर परवाना जाईल, आणि सतरा वर्षं लोकांना पाण्यावर फिरवल्यानंतर मला जमिनीवरचा उद्योग शोधावा लागेल. जमिनीवरचा उद्योग मला जमत नाही, हे माझ्या स्टेशनरीच्या दुकानाचे चार महिने पाहिलेल्या तुम्हाला मी काय सांगावं?

तुमची तब्येत कशी आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहून ठेवतो. तुमची सून (म्हणजे माझी बायको; तुम्ही तिला सून म्हणता आणि ती त्याचा फायदा घेते) दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. का, ते पुढे येईल. किंवा नाही येणार. पत्र कुठे वळतं ते पाहू.

झालं असं, की एक तारखेपासून उद्यानाला नवी नियमावली लागू झाली. चौसष्ट पानं आहेत. उद्यानात कुणी काय करावं, कशाला परवाना लागेल आणि कशाला लागणार नाही, हे त्यात सविस्तर आहे. त्यातून मला उमगलं ते एवढंच: मी माझ्या बोटीत एकटा बसलो तर ते मनोरंजन. तुम्ही बसलात आणि तिकीट काढलंत तर तो व्यवसाय. आणि तुम्ही माझे मामा म्हणून मी तुम्हाला फुकट बसवलं, तर ती व्यवसायाची जाहिरात, तिला निराळा अर्ज. शीळ घालायला परवानगी आहे, पण दहापेक्षा जास्त लोक थांबून ऐकू लागले तर तो कार्यक्रम होतो. (आमच्या वनरक्षकाला शीळ घालायची सवय आहे. त्याने आता भीतीपोटी मुद्दाम बेसूर घालायला सुरुवात केली आहे.) हे सगळं मी सोसलं असतं. पण बाविसाव्या पानावर नियम चौदा (ख) आहे: प्राणी अथवा पक्षी यांच्या आकाराची कोणतीही वस्तू व्यावसायिक उपयोगासाठी उद्यानात ठेवता येणार नाही, कारण त्यामुळे खऱ्या प्राण्यांचा मान कमी होतो.

माझ्या आठही बोटी राजहंसाच्या आकाराच्या आहेत.

हा नियम अधिकाऱ्यांना सुचलेला नाही, हे मी चौकशी करून काढलं. मसुद्यावर जनतेच्या सूचना मागवल्या होत्या. दोनशे अकरा आल्या, त्यांतली एकच शब्दशः स्वीकारली, ती ही. म्हणजे कुणीतरी एक रिकामटेकडा, नतद्रष्ट, दुसऱ्याचं चांगलं न बघवणारा नागरिक घरी बसून कागदावर हे खरडतो, आणि इथे एका संसाराच्या चुलीत पाणी! तिकीट खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "भाषा मात्र काय सुंदर आहे हो! शिकलेला माणूस असणार." मी म्हटलं, शिकलेला असेल, पण अक्कल दारात ठेवून शाळेत गेला असणार.

मी प्रयत्नांत कसूर ठेवली नाही. पहिल्या आठवड्यात आठही हंसांवर मानेपासून शेपटीपर्यंत पांढऱ्या चादरी घातल्या. आकार दिसलाच नाही तर आकार आहे म्हणणार कोण, असा माझा हिशेब. लांबून ते दृश्य असं दिसू लागलं, की सहलीला आलेल्या दोन आजीबाई काठावर चपला काढून हात जोडून उभ्या राहिल्या आणि हळूच विचारू लागल्या, "सगळे एकाच घरातले का हो?" त्या दिवशी एकही बोट सुटली नाही. संध्याकाळी वनरक्षक सांगायला आला, की पाण्यावर झाकलेली वस्तू ठेवणं हे नियम एकोणीसच्या विरुद्ध आहे.

दुसऱ्या आठवड्यात फायबरचं काम करणाऱ्या कारागिराला बोलावून पाच नंबरच्या हंसाची मान कापून घेतली. मामा, मी बोट विकत घेताना जितका विचार केला नव्हता तितका मान कापताना केला. अधीक्षक स्वतः पाहायला आले. बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाले, "मान नाही हे बरोबर. पण शेपूट आहे." शेपटीत वल्हवायची चाकं आहेत, ती कापली तर बोट हलणार नाही, हे मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, की आता तसाही प्रश्न येत नाही. बोटीच्या सुरक्षितता दाखल्यावर "हंसाकृती, मानेसह" अशी नोंद आहे, म्हणजे ही बोट आता दाखल्यातली उरलीच नाही. सात बोटींना हंस असल्याबद्दल नोटीस आली, आणि आठवीला हंस नसल्याबद्दल.

या सगळ्यात धीर दिला तो एकाच माणसाने, आमच्या वाघवाल्याने. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. धक्क्याजवळ त्याचा फायबरचा वाघ असायचा. लोक त्यावर बसायचे, हा फोटो काढून द्यायचा. नियम चौदा (ख)ने त्याचा वाघ पहिल्याच दिवशी गेला. त्याने तो हातगाडीवर टाकून घरी नेला. आता तो वाघ बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याच्यावर टॉवेल वाळतात. "घरात वाघ असूनही बायको मलाच ओरडते," म्हणतो. पाच नंबरची मान कापली तेव्हा तीसुद्धा त्यानेच धरली होती. काल कुलूप लागल्यावर माझ्याशेजारी धक्क्यावर पाय सोडून बसला आणि म्हणाला, "दादा, माझा वाघ गेला तो गेला. पण तुमच्यासाठी सोमवारी मी साक्ष देणार. सतरा वर्षांत एक माणूस बुडाला नाही, हे त्या साहेबाला कुणीतरी सांगायला हवं." हातातला चहा निवून गेला, तो तसाच प्यायलो.

असो. माणसाने किती लिहावं! मामींना नमस्कार. दगदग करू नका.

तुमचा,
काठावर बसलेला भाचा

ता. क. — एक तपशील राहिला. वर ज्या नतद्रष्ट नागरिकाचा उल्लेख आला आहे, तो मी. वाघवाल्याच्या फोटोची रांग थेट माझ्या धक्क्याच्या तोंडावर यायची, आणि वाघावर बसून झालं की लोक समाधानाने घरी जायचे. मला फक्त वाघ घालवायचा होता. "वाघ" असं सरळ लिहिलं तर मत्सर उघडा पडेल, म्हणून "प्राणी अथवा पक्षी" असं भारदस्त लिहिलं. पक्षी कशाला घातला, असं बायकोने अबोला धरण्याआधी विचारलं. वाक्य भरल्यासारखं वाटावं म्हणून. त्या वेळी मला माझ्या बोटी आठवल्याच नाहीत. सतरा वर्षांत मी त्यांच्याकडे हंस म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या लेखी त्या एक ते आठ नंबर होत्या.

ता. क. दुसरा — परवानाधारकांना सूचना करायची मुभा नव्हती, फक्त सामान्य नागरिकांना होती. माझ्या ओळखीत तुमच्याइतका सामान्य नागरिक दुसरा नाही (राग मानू नये). त्यामुळे ती सूचना कागदोपत्री तुमची आहे. नाव, पत्ता, सही, सगळं तुमचं. सही बरी जमली आहे. "उत्कृष्ट सूचना" म्हणून सोमवारी सुनावणीच्या आधी, त्याच सभागृहात, तुमचा सत्कार आहे. निमंत्रण एव्हाना पोहोचलं असेल. मामींनी ते फ्रेम करायला दिलं असेल तर परत मागवावं.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं कारण — नियम एकतीसप्रमाणे सूचना करणाऱ्याने समक्ष येऊन लेखी दिलं, तर सूचना दुरुस्त करता येते किंवा मागे घेता येते. काल रात्रीपर्यंत माझ्या मनात होतं, की तुम्ही "मला फक्त वाघ म्हणायचा होता" असं लिहून द्यावं. तसं केलं तर माझ्या बोटी सुटतात आणि रांगही परत येत नाही. पण तो माणूस साक्ष द्यायला शर्टाला इस्त्री करून बसला आहे. तेव्हा मामा, सगळीच सूचना मागे घ्या. वाघ परत आला तर येऊ दे, रांगेचं मी पाहून घेईन. हे बायकोला दाखवलं. ती "हं" म्हणाली. दोन दिवसांतलं हे पहिलंच.

ता. क. शेवटचा — सोमवारी सकाळी आठच्या गाडीने या. मी कागद घेऊन कार्यालयात असेन, त्यामुळे तुम्हाला न्यायला वाघवाला येईल. मी नको म्हणत होतो, पण "तुमचे मामा ते माझे मामा" म्हणाला आणि गाडीची वेळ लिहून घेऊन गेला. स्टँडपासून उद्यान चाळीस मिनिटांवर आहे आणि तो गप्प बसणारा नाही. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या घराण्याला ठाऊक आहे. आणि ती सूचना कुणी केली, हे तो सध्या भेटेल त्याला विचारतो आहे.