जास्त घासलेला जिना

४ मार्च, झ्वोलेन
आज प्रयोगशाळेत बीच लाकडाच्या बारा पट्ट्या घासल्या. सहा भरड सँडपेपरने, सहा अगदी बारीक. मग प्रत्येकीवर सुईतून पाण्याचा एक थेंब. भरड पट्टीवर थेंब टेकला की पसरतो — पाच मोजेपर्यंत मुरलेला. बारीक घासलेलीवर मण्यासारखा बसून राहतो. कॉफी करून आले, तरी तसाच.
पाणी मुरत नाही तिथे वॉर्निश तरी काय धरणार? दिवसभर बाबांनी घासलेला तो जिना डोळ्यांपुढून हलला नाही.

५ मार्च
एकदाचं लिहून टाकते. बाबा आणि रुदोकाका — चाळीस वर्षं एकत्र सुतारकाम. तीन वर्षांपूर्वी गावच्या सभागृहाचा जिना केला. घासणं बाबांचं, वॉर्निश काकांचं. वर्षाच्या आत पायऱ्यांवरून वॉर्निशचे पापुद्रे निघाले. बाबा खानावळीत सगळ्यांसमोर म्हणाले, "रुदोने वॉर्निश पातळ केलं. चार पैसे वाचवायला." काका अर्धी बिअर तशीच ठेवून उठले. तेव्हापासून दोघं चर्चमध्येही दोन टोकांना बसतात.

८ मार्च
परत मोजलं. नव्या पट्ट्या, नवा कागद. तेच.

१५ मार्च
गावी गेले. कोबीचं सूप झाल्यावर पट्ट्या टेबलावर मांडल्या.
"माझी शाळा घेतेस काय?" — बाबा.
बाटलीतून आणलेल्या पाण्याचे थेंब सोडले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "तुमच्या शहरातलं पाणीच तसलं असेल." मग त्यांच्याच विहिरीचं पाणी घेतलं. थेंब तसाच उभा.
त्यांनी बारीक पट्टीवरून अंगठा फिरवला. "किती नंबरचा कागद?"
"तीनशेवीस. अगदी बारीक."
"जिन्यालाही तोच. काचेसारखा झाला होता."
"फार घासलं की भुकटीने लाकडाची भोकं बुजतात, बाबा. वॉर्निशला धरायला जागाच राहत नाही."
त्यांनी पट्टी बाजूला सारली. मग, "कुणाला बोललीस?"
"नाही."
"मग बोलू नकोस."
राग यायला हवा होता. नाही आला. त्यांच्या हातांकडे बघत बसले — गाठाळलेले, टेबलावर उपडे ठेवलेले. पट्ट्या तिथेच सोडून आले.

१९ मार्च
बाबांचा फोन नाही. मीही केला नाही.

२२ मार्च
बाबांच्या शेजारच्या ओतिलियामावशींचा फोन. "अगं, तुझा बाप आज रुदोच्या दारात! काखेत दोन फळकुटं. तो आत ये म्हणतोय, आणि हा आपला उंबऱ्याबाहेरच उभा."

२३ मार्च
बाबा फोनवर. आवाज बसलेला. उंबऱ्यावरच सगळं कबूल केलं म्हणाले. काका म्हणे नुसते हसले. लाकूड जास्त घासलंय हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं — पायरीवर हात फिरवला तेव्हाच.
"मग बोलला का नाहीस?" बाबांनी विचारलं.
आईला पुरल्यानंतर चौथ्या दिवशी जिन्याचं काम सुरू झालं होतं. माझ्या हे ध्यानातच नव्हतं.
काका म्हणाले, "तुझ्या हातून कागद सुटत नव्हता, इम्रिख. तो मी कसा काढून घेणार होतो?"