तुझ्या नावावरचं पुस्तक

प्रिय आत्या,

तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले. इतक्या दिवसांत मी कुणाशी फारसं बोललो नाही, रडलोही नाही. घरचे म्हणाले, दिनू पहिल्यापासून असाच. पण तू मुलांना वाचायला बसवायला जायचीस त्या वाडीच्या शाळेत काल जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचणार नाही. म्हणून लिहितोय.

मुलांचे लॅपटॉप तपासायला गेलो होतो. त्यांवरच्या ग्रंथालयाची यादी उघडली, तर खेकड्यांच्या पुस्तकासमोर लाल अक्षरांत ‘मुदत संपली’. त्याखाली तुझं नाव. सात दिवसांचं पुस्तक तू जाण्याआधीच दोन आठवडे ठेवलं होतंस. आत्या, तू?

उभा जन्म वाचनालयाच्या टेबलामागे काढलेली तू! एकदा तर मांडवात जाऊन नवरदेवाकडे पुस्तक मागितलं होतंस. तो ओशाळला, तेव्हा म्हणालीस, “अक्षता पडू दे रं, मी थांबते.” आणि पुस्तक घेऊनच घरी आलीस. जेवूनसुद्धा.

तुझ्या नावाखाली रांगेत एकच नाव होतं. सुमी, इयत्ता चौथी.

ही रांगही तुझीच. मी हे सॉफ्टवेअर करायला घेतलं तेव्हा कोणतंही पुस्तक सगळ्या मुलांना एकदम उघडता येत होतं. लॅपटॉपमधलं पुस्तक कधी संपत नाही, याचंच मला कौतुक. तू चहा पीत सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “परत द्यायचं नाय तर वाचंल कोण? आज नाय, उद्या. उद्याचं परवा.” मग तुझे नियम आले. एका वेळी एकालाच पुस्तक. सात दिवस मुदत. बाकीच्यांनी रांग लावायची. आणि परत आलेलं पुस्तक पुढच्याला कोरं मिळालं पाहिजे. वाचनालयात तू खोडरबर घेऊन लोकांच्या पेन्सिलीच्या खुणा पुसत बसायचीस, तसं.

पिच्छाच पुरवलास म्हणून मी ते केलं. ऑफिसात मात्र हसत सांगितलं, आमच्या आत्यानं कॉम्प्युटरला लाकडी कपाट बसवलंय.

आणि मुलं वाचायला लागली. खिचडीच्या रांगेतसुद्धा एकमेकांना विचारायची, तुझं झालं का, शेवटी काय होतं. मी हे स्वतः पाहिलं होतं. तुझं बरोबर होतं, एवढं एक वाक्य तुला का नाही सांगितलं मी? काय जाणार होतं माझं?

तू गेलीस त्या सकाळी तुझा फोन आला. अक्षर मोठं कर, म्हणालीस. आधीही दोनदा म्हणाली होतीस. मला वाटलं, तुझ्याच डोळ्यांचं दुखणं. म्हटलं, आत्या, हे मुलांसाठी आहे, तुझ्या मोतीबिंदूसाठी नाही. मुलांचे डोळे चांगले असतात.

“तसं नाय रं, ऐक तर,” म्हणालीस.

मी म्हटलं, मीटिंग आहे, दुपारी बोलू.

दुपारी शिळफाट्याला रिक्षाची वाट बघताना तू खाली बसलीस आणि उठलीच नाहीस. माझा अजून विश्वास बसत नाही. फोन वाजला की आधी तुझंच नाव डोळ्यांपुढे येतं.

काल तुझा लॅपटॉप शाळेच्या कपाटात सापडला. बाई म्हणाल्या, त्या इथंच ठेवून जायच्या. खेकड्यांचं पुस्तक अकराव्या पानावर उघडलं. कडेला तू टिपण लिहिलेलं होतंस. एका बोटानं टाइप करायचीस, किती वेळ लागला असेल?

‘सुमी पडद्याला नाक लावून वाचते. दिसत नाही पण सांगत नाही. तिची पाळी आहे. सात दिवस असेच जातील. दिनू अक्षर मोठं करीपर्यंत पुस्तक माझ्या नावावर.’

मी ते तीनदा वाचलं. बाईंनी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. तू नियम मोडला नव्हतास. तू माझ्यासाठी थांबली होतीस.

निघताना सुमी आली. वाडीतली पोरं तुला बाय म्हणतात, तशीच तीही. मला म्हणाली, “बायचं पुस्तक आता कोन देनार?”

“मी.”

“कधी?”



आज सकाळी बसलो आणि अक्षर हवं तेवढं मोठं करायची सोय केली. तासाभराचं काम होतं, आत्या. तासाभराचं!

आता एकच गोष्ट राहिली. पुस्तक परत केलं की तुझं टिपण पुसलं जाणार. मीच तसं लिहून ठेवलंय, तुझ्या सांगण्यावरून. मजकूर वहीत उतरवून घेतला, पण ते अक्षर माझं. त्या पानावर तू आहेस असं वाटतं. हा एक नियम बदलायला मला पाच मिनिटंही लागणार नाहीत. दोनदा हात तिकडे गेला. पण मग सुमीच्या हातात कोरं पुस्तक जाणार नाही, आणि तुला ते चाललं नसतं.

म्हणून शब्द देतो. उद्या वाडीत जाईन. बाई सुमीला कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. चष्मा येईल तेव्हा येईल. आधी तिला अक्षर मोठं करायला शिकवीन. मग तिच्यासमोर तुझ्या नावावरचं पुस्तक परत करीन आणि तिचं नाव लावीन. सात दिवसच देईन. आठव्या दिवशी मागायला जाईन, आणि तिचं वाचून व्हायचं असेल तर तिथंच बसून थांबेन.

उशीर केलेला, तुझाच,
दिनू