पुसलेला ठसा

मंगळवार, संध्याकाळ. भोर

वेल्ह्याच्या बबन लोहाराशी आज संबंध संपले. माझ्या संग्रहातला सर्वांत जुना घडीचा चाकू त्याला नमुना म्हणून दिला होता. तसाच नवा घडवायचा, एवढेच. गृहस्थाने नवा उत्तम घडवला आणि जुन्यावर कृपा म्हणून तो यंत्रावर घासला. पात्यावरचा कारागिराचा ठसा साफ गेला!

“मास्तर, कसा चमकतोय बगा!”

मी त्याला जडबुद्धी म्हणालो. संस्कृतात शिवी दिली की समोरच्याला कळत नाही, असा माझा समज. त्याला कळली.

“ठसा माज्या आज्याचा हुता. तुमचं काय ग्येलं?”

चाकू समोर नुसता चकाकतो आहे, मेला. ठसा कोणाचा, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.