पानी आणि पाणी

११ जानेवारी
बोलीकोशाचं, म्हणजे आमच्या बोलत्या शब्दकोशाच्या ॲपचं, विंडोज बिल्ड पुन्हा पडलं. माझ्या लिनक्सवर चालतं, कोशाच्या कामात मदतीला असलेल्या खारघरच्या सुहासच्या मॅकवर कुंथत चालतं. करावेच्या वाचनालयात मात्र विंडोज, आणि गाव ऐकणार ते तिथंच. सुहास म्हणाला, "सर, हे भाषणासारखं नसतं. एकच सगळ्यांना नाही चालत." बरं.

१४ जानेवारी
माझ्या लॅपटॉपवरही विंडोजच टाकलं. सगळं पुसलं. आवाजाच्या फायली आधी पेनड्राइव्हवर उतरवल्या. या नावाची फाईल आहे, बदलू का, असं लॅपटॉप विचारत होता. सगळ्यांना हो. जुन्या प्रती असणार. संध्याकाळी बिल्ड झालं.

१८ जानेवारी
वाचनालयात कार्यक्रम. तासभर बोललो. शाळेनं या गावाच्या जिभेवर ण ठोकून बसवला, तो उपटून काढा म्हणालो. टाळ्या. मग हिरामावशींना पुढं बोलावलं. जन्म खाडीवर गेलेला. कोशातले बोलीचे शब्द त्यांच्या आवाजात, शेजारी प्रमाण उच्चार माझा. मावशींनी पडद्यावरच्या 'पानी'वर बोट ठेवलं. यंत्रातून मी बोललो, पाणी. 'लोनी'. लोणी. 'कोन'. कोण.
"ह्यो माजा आवाज नाय," मावशी म्हणाल्या. "सर माज्या घशान शिरलं."
लोक हसले. मावशी नाही.

१९ जानेवारी
कळलं. फायलींची नावं रोमनमध्ये, न ला धाकटा एन, ण ला थोरला: pani, paNi. लिनक्स दोघांना वेगळं मानतो. विंडोज नाही, पेनड्राइव्ह नाही. एक फाईल दुसरीवर चढली, प्रत्येक जोडीत माझी उरली. सुहासकडे? मॅकचंही तेच. त्याच्याकडेही मीच. फोनवरचं मूळ रेकॉर्डिंग जागा मोकळी करायला कधीच उडवलेलं.

२५ जानेवारी
फायलींची नावं बदलली. बिल्ड तिन्हीकडे चालतं. फक्त मावशींचे ते शब्द नाहीत.
मावशींकडे गेलो. माईक धरला. पदर सावरून म्हणाल्या, "पाणी." टणक, शाळेतला ण.
"मावशी, घरात म्हणता तसं."
"त्या दिशी चारचौघांत आयकला ना. मशिनीन तसाच बोलतान. चुकीचा कशाला देव?"
माईक बंद करून समजावत बसलो. बोली चूक नसते, वगैरे. मावशींनी ऐकून घेतलं. मग आत सुनेला हाक, "सरांना पानी दे गो."
माईक लावला की ण. परत परत ण.
फोन खिशात होता. पुढच्या वेळी न सांगताच त्यातलं रेकॉर्डिंग चालू ठेवून...